रुग्णाची कहाणी ऐकायची कोणी?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळचा एखादा तास ज्याने काढला आहे, त्याला हा प्रसंग नवा वाटणार नाही. पहाटेची एसटी धरून खेड्यातून आलेली एक आजी दोन तास रांगेत थांबून अखेर डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर टेकते. "आजी, काय होतंय?" तरुण डॉक्टर विचारतो. "जीव घाबरा होतोय बघा डॉक्टरसाहेब." "कधीपासून?" आजीच्या आयुष्याचा हिशेब दिनदर्शिकेवर चालत नाही. ती सांगू लागते, "ज्वारीची काढणी चालली होती, थोरली सून माहेरी गेली होती, तवापासून..." डॉक्टरांच्या दाराबाहेर अजून साठ-सत्तर माणसे ताटकळत असतात. "आजी, ते राहू द्या. किती दिवस झाले तेवढं सांगा." आजी गप्प होते. कागदावर दोन गोळ्या आणि तीन तपासण्या लिहिल्या जातात, आणि पुढच्या क्रमांकाचा पुकारा होतो.

आजीला बोलू दिले असते तर ती काय सांगणार होती? सून माहेरी गेल्यामुळे विहिरीवरच्या घागरी तिला स्वतःला आणाव्या लागत होत्या. घराकडचा चढ चढताना छाती भरून येत होती. ओट्यावर टेकले की दोन-चार मिनिटांत बरे वाटत होते. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी छातीतली ही अस्वस्थता हृदयविकाराची शंका घेण्यासाठी पुरेशी खूण आहे, हे वैद्यकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. निदान त्या कहाणीतच होते. कमतरता होती ती फक्त ऐकणाऱ्या कानांची. डॉक्टरला अज्ञानी म्हणता येणार नाही आणि निर्दयही म्हणता येणार नाही. त्याला कोणी ऐकायला शिकविलेच नव्हते, आणि थोडेफार शिकविले असेल तर ते वापरण्याइतकी फुरसत व्यवस्थेने त्याला दिली नव्हती.

वैद्यकीय शिक्षणात कथा, साहित्य, नाट्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांना स्थान असावे, अशी चर्चा आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. अनेकांना ही चर्चा म्हणजे हौस वाटते. ज्या देशात रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत, तेथे डॉक्टरांना कविता वाचायला लावून काय साधणार, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून आधी निव्वळ वैद्यकीय हिशेब मांडू.

ब्रिटनमधील काही डॉक्टरांनी १९७५ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांची आधी चिठ्ठी वाचून केवळ हकिकत ऐकली गेली आणि निदान लिहून ठेवले गेले. त्यानंतर शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या झाल्या. अंतिम निदान हाती आले तेव्हा ८० पैकी ६६ रुग्णांत ते हकिकतीवरून बांधलेल्या निदानाशी जुळले. त्यानंतरच्या काळात यंत्रे कितीतरी पुढे गेली हे खरे. परंतु कोणते यंत्र कोणासाठी वापरायचे हे ठरविण्याचे काम आजही हकिकतच करते. हकिकत नीट ऐकली नाही तर तपासण्यांची यादी लांबते, रुग्णाचा खिसा रिकामा होतो, आणि आजार तेथेच राहतो.

आणि आपण ऐकतो किती? अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्यांपैकी जेमतेम पाव भेटींत रुग्णाला आपले पहिले म्हणणे पूर्ण करता आले. बहुसंख्य भेटींत डॉक्टरांनी मध्येच तोडले, आणि तेही सरासरी १८ सेकंदांत. ही अमेरिकेची कथा, जेथे भेटीची वेळ ठरवून रुग्ण येतो. निरनिराळ्या देशांतील प्राथमिक उपचारांसाठी मिळणाऱ्या वेळेचा २०१७ साली एकत्रित आढावा घेण्यात आला. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सुमारे साडेबावीस मिनिटे मिळतात, तर बांगलादेशात अवघे ४८ सेकंद, असे त्यात दिसले. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते तेथे ही भेट पाच मिनिटांच्या आतच आटोपते. आपण कोठे बसतो हे आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात घड्याळ लावून पाहता येईल.

या पार्श्वभूमीवर एका जुन्या ग्रंथाकडे वळावेसे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'उपकल्पनीय' नावाचा पंधरावा अध्याय आहे. शोधन-चिकित्सेपूर्वी कोणती सिद्धता करून ठेवावी, याचे त्यात वर्णन आहे. घर भक्कम असावे, वारा अंगावर येऊ नये पण एका बाजूने खेळता असावा, धूर आणि धूळ यांपासून ते दूर असावे, पाणी, स्नानगृह, शौचकूप, स्वयंपाकघर यांची सोय असावी, असे अगदी बारकाईने सांगितले आहे. मग येतात सेवक. स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे-बसविणारे, औषधे कुटणारे अशी सारी माणसे. आणि त्याच यादीत, तितक्याच सहजतेने, आचार्य आणखी एक वर्ग नोंदवितात: गायन-वादनात निपुण असलेले, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे सांगण्यात कुशल असलेले, रुग्णाच्या मनातले ओळखणारे लोक. औषध कुटणारा आणि कथा सांगणारा हे दोघे एकाच परिच्छेदात, एकाच रुग्णाच्या खाटेजवळ उभे केलेले आहेत.

'आपल्याकडे सर्व काही आधीपासूनच होते' असे म्हणून समाधानाने मान डोलावण्यासाठी हा दाखला दिलेला नाही. हा सारा थाट राजा, राजासमान वा धनवान माणसासाठी आहे, हे त्या अध्यायातच स्पष्ट आहे. निर्धनाने आपत्काळी जे साधन हाती असेल त्यावर औषध घ्यावे, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे कथा ऐकण्याचे सुख तेव्हाही श्रीमंताच्याच वाट्याला होते, आणि आज पंचतारांकित रुग्णालयातील मोठ्या शुल्काच्या भेटीत डॉक्टर अर्धा तास बोलतात तेव्हा त्याच न्यायाची पुनरावृत्ती होते. तरीही त्या यादीतून एक गोष्ट निर्विवादपणे कळते. रुग्णाचे मन हा उपचाराचाच भाग आहे, ते सांभाळण्यासाठी कौशल्य लागते, आणि त्या कौशल्याची माणसे मुद्दाम नेमावी लागतात, हे आपल्या वैद्यकाला मान्य होते. याच संहितेच्या विमानस्थानात वैद्याने ज्ञानाचा दिवा घेऊन रुग्णाच्या अंतरंगात शिरले पाहिजे, अन्यथा त्याला चिकित्सा साधणार नाही, अशा आशयाचा विचार येतो. वाग्भटाने रुग्णपरीक्षेचे जे तीन मार्ग सांगितले, त्यांत पाहणे आणि स्पर्श करणे यांच्या बरोबरीने प्रश्न विचारणे हाही एक स्वतंत्र मार्ग मानला आहे. आणि विचारायचे म्हणजे उत्तर ऐकायचेच.

मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांनी महर्षी चरकांच्या नावे शपथ घ्यावी अशी शिफारस केली. त्यावर बराच वाद झाला; हिपोक्रेटस की चरक, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. शपथ कोणाच्या नावे घ्यावी यावर मतभेद असू शकतात. परंतु चरकांची शपथ घेऊन चरकांनी सांगितलेला कथाकुशल माणूस रुग्णालयात कोठेच नसेल आणि शपथ घेतलेल्या विद्यार्थ्याला रुग्णाशी पाच वाक्ये धड बोलता येत नसतील, तर ती शपथ समारंभापुरतीच उरते.

ही कला हरवली कशी? दोष एकट्या यंत्रयुगाचा नाही. डॉक्टर होण्याची वाट आज जेथून सुरू होते तेथेच पाहावे. दहावी झाली की मूल खाजगी शिकवणीच्या वर्गात जाते. दोन वर्षे, कधी तीन, कधी चार वर्षे ते चार पर्यायांपैकी एक पर्याय निवडण्याचा सराव करते. भाषा हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरतो. मराठी तर अनेक घरांत त्याआधीच सोडलेली असते. कादंबरी वाचणे म्हणजे वेळ घालविणे, नाटकात काम करणे म्हणजे वर्ष वाया घालविणे, असे आपणच, सुशिक्षित मध्यमवर्गीय आई-वडीलच, मुलांना सांगतो. या मुलाने सोळा ते वीस या वयात दुसऱ्या माणसाच्या सुख-दुःखाची एकही लांबलचक हकिकत वाचलेली नसते वा ऐकलेली नसते. मग एक दिवस त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप येतो आणि समोर ज्वारीच्या काढणीपासून सुरुवात करणारी आजी येते. तिची गोष्ट त्याला चारही पर्यायांत सापडत नाही.

पाश्चात्त्य देशांना ही उणीव आपल्या आधी जाणवली, कारण यंत्रांचा अतिरेकही त्यांनी आपल्या आधी अनुभवला. हार्वर्डमधील फ्रान्सिस पीबडी या डॉक्टरांचे रुग्णसेवेवरील एक व्याख्यान १९२७ साली प्रसिद्ध झाले. नव्या विद्यार्थ्यांना आजाराची यंत्रणा पुष्कळ कळते, पण आजारी माणसाला सांभाळणे कळत नाही, ही तेव्हाच्या जुन्या डॉक्टरांची तक्रार हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तक्रार मात्र शंभर वर्षे टिकली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रिटा शॅरॉन यांनी तिच्यावर शास्त्रशुद्ध उपाय शोधला. त्या स्वतः रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर. पुढे त्यांनी इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केली आणि २००० साली कथनाधारित वैद्यकाचा अभ्यासक्रम उभा केला.

त्यांची एक पद्धत आपल्याकडे सहज आणता येण्याजोगी आहे. रुग्णाच्या अधिकृत कागदावर विद्यार्थी नाडी, रक्तदाब, तपासण्या, औषधे लिहितो. त्या कागदावर ज्याला जागा नाही ते त्याने एका वेगळ्या वहीत रोजच्या साध्या भाषेत लिहावे. आजच्या रुग्णाला पाहून मला माझे आजोबा आठवले. त्याच्या बायकोने मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर टाळले. तो मरणार हे मला कळले होते आणि मला तेथून पळून जावेसे वाटले. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून या नोंदी मोठ्याने वाचायच्या. एवढेच. त्यासाठी यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक वही, एक खोली आणि ऐकणारा एक ज्येष्ठ शिक्षक लागतो. जो विद्यार्थी आपल्या मनातली भीती कागदावर नीट मांडायला शिकतो, त्याला दुसऱ्याच्या मनातली भीतीही ओळखता येते.

आपल्या देशातही हालचाल झालेली आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस या महाविद्यालयात २००९ पासून शिक्षक-विद्यार्थ्यांचा एक गट साहित्य, नाट्य आणि वैद्यक यांची सांगड घालू लागला. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण देणारा एक स्वतंत्र घटक भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये तयार केला, आणि २०१९ साली प्रवेश घेतलेल्या एमबीबीएसच्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला. पुढे विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणाची वर्षे त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, अशीही योजना आली. कागदावर ही पावले स्वागतार्ह आहेत. विशेषतः कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना तर उत्तम आहे, कारण त्याच घरात वर्षानुवर्षे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आजाराचा आधी आणि नंतरचा भाग दिसतो, जो रुग्णालयात कधीच दिसत नाही.

परंतु कागद आणि कृती यांतील अंतर आपल्या देशाला अपरिचित नाही. विषय परीक्षेत आला की त्याच्या 'गाइड' निघतात. 'दुःखद बातमी कशी द्यावी' याचे सहा टप्पे विद्यार्थी तोंडपाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि संध्याकाळी प्रत्यक्ष वॉर्डात त्याचा वरिष्ठ एका बापाला व्हरांड्यात चालता चालता "वाचणार नाही, सह्या करा" असे सांगताना पाहतो. विद्यार्थी शिकतो ते दुसऱ्या प्रसंगातून. वहीत सह्या होतात, उपस्थिती भरते, तपासणीसाठी आलेल्या पथकाला नोंदी दाखविल्या जातात, आणि वॉर्डातली भाषा तशीच राहते. मानव्यविद्या वर्गात शिकवून वॉर्डात नाकारली तर ती ढोंगच शिकविते.

येथे भाषेचा प्रश्न अटळपणे पुढे येतो. 'दुखते' या एका शब्दाच्या पोटात मराठीने किती छटा सांभाळल्या आहेत! पोटात कळ येते किंवा मुरडा येतो. गळवाला ठणका लागतो. पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, अंगात कसर वाटते. हे सारे शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. ठणका म्हणजे ठोक्याठोक्याने उसळणारी वेदना, पू धरल्याची शंका आणणारी. मुरडा आतड्याकडे बोट दाखवितो. कळ येते आणि जाते, पुन्हा येते. चमक क्षणात लुप्त होते. वैद्यकाचा विद्यार्थी वेदनेचे हेच प्रकार इंग्रजी पुस्तकातून घोकतो आणि रुग्ण तेच त्याला मराठीत सांगत असतो, पण दोघांची गाठ पडत नाही. राज्यातील शासकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. केरळातून किंवा राजस्थानातून आलेला तरुण नंदुरबारच्या वा नांदेडच्या माणसाला तपासतो. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याला पहिल्या महिन्यात दुखण्याची मराठी शिकविण्याची जबाबदारी कोणाची? आणि मराठी घरातच जन्मलेल्या, पण 'उसण' हा शब्द न ऐकलेल्या आपल्या मुलांचे काय?

ऐकल्याने काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राला शोधायला दूर जावे लागत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केले. स्त्रियांच्या आजारांबद्दल तोवर कोणी घरोघरी जाऊन विचारलेच नव्हते. गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांच्या पाहणीचे त्यांचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले तेव्हा जग थक्क झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. एवढे मोठे दुःख आरोग्यखात्याच्या एकाही तक्त्यात नव्हते, कारण तक्त्यात तो प्रश्नच नव्हता. पुढे रुग्णालय बांधतानाही आदिवासींना आधी विचारण्यात आले. त्यांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती, नातेवाइकांनी राहायचे कोठे हा प्रश्न होता. म्हणून झोपड्यांसारख्या कुटी उभ्या राहिल्या आणि दवाखान्याला नाव मिळाले त्यांच्या दंतेश्वरी मातेचे. राणीताईंच्या पुस्तकाचे नावही 'कानोसा' आहे. वैद्यकातील मानव्यविद्येची याहून सोपी व्याख्या आम्हांला सुचत नाही.

नाट्य आणि वैद्यक यांचे नातेही मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात नाटकाची तालीम आणि रुग्णतपासणी ही दोन्ही शिक्षणे एकाच वेळी होत होती. छिन्नमनस्कतेवरील 'देवराई' हा २००४ चा चित्रपट, स्मृतिभ्रंशावरील 'अस्तु', नैराश्यावरील 'कासव' या कृतींनी कितीतरी घरांना आपल्याच माणसाचा आजार प्रथम ओळखता आला. असा चित्रपट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवून त्यावर दोन तास बोलू दिले, तर ते शिक्षण पाठ्यपुस्तकातील प्रकरणाला पूरकच ठरेल. डॉ. रवी बापटांचे केईएममधील आठवणींचे पुस्तक किंवा डॉ. अनिल अवचटांचे लेखन प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोभेला नव्हे, वाचनासाठी असायला हवे.

हा विषय निकडीचा का आहे, याचे उत्तर रुग्णालयाच्या दारावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाकडे पाहिले की मिळते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला केलेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातील निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले आणि त्याचे हाल पुन्हा गरीब रुग्णांनीच सोसले. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० सालीच कायदा केलेला आहे. कायदा हवाच, आणि हात उगारणाऱ्याला शिक्षाही व्हायलाच हवी. या रानटीपणाचे समर्थन कोणत्याही दुःखाने होऊ शकत नाही. पण हे हल्ले बहुधा कोठे होतात? जेथे तासन्‌तास कोणी काही सांगितलेले नसते, जेथे "बघू" एवढेच उत्तर मिळालेले असते, आणि मग अचानक मृत्यूची बातमी येते, तेथे. नातेवाइकाच्या मनात एक कहाणी तयार झालेली असते, 'माझ्या माणसाला यांनी मारले.' डॉक्टरांच्या मनातही एक कहाणी असते, 'हे लोक असेच.' या दोन कहाण्या एकमेकींना कधी भेटलेल्या नसतात. बारा-चौदा तास जागा असलेला, स्वतः घाबरलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा या दोन कहाण्यांच्या मधल्या जागेत एकटा उभा असतो. त्याला संवाद शिकविणे हे म्हणूनच त्याच्या संरक्षणाचेही साधन आहे.

मग वेळेचे काय? हा आक्षेप टाळता येत नाही. शंभर रुग्ण तपासणाऱ्याला कथा ऐकायला सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल, जर त्याच्यावरचा भार कमी केला नाही तर. म्हणून पहिली मागणी शासनाकडे: रिक्त पदे भरा, प्राथमिक आरोग्य केंद्रे सक्षम करा, म्हणजे सर्दी-तापासाठी माणूस जिल्ह्याच्या गावी येणार नाही. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. ऐकण्याची सवय असलेला डॉक्टर पहिले एक मिनिट न तोडता ऐकतो आणि पुढची चार मिनिटे वाचवितो. शिवाय ऐकण्याचा सारा भार डॉक्टरवरच कशाला? परिचारिका रुग्णाजवळ डॉक्टरपेक्षा कितीतरी अधिक वेळ असते. आशा कार्यकर्ती त्याचे घर, शेत, सासर-माहेर जाणते. तिच्याजवळ असलेली हकिकत डॉक्टरांच्या कागदावर येण्याचा मार्ग आज नाही. तिच्या दोन ओळी संदर्भ-चिठ्ठीवर आल्या, तर आजीच्या घागरी डॉक्टरांना न सांगताही कळतील.

विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. संवादाचा घटक व्याख्यानातून काढून खाटेजवळ न्यावा. आठवड्यातून एक तास नोंदवहीच्या वाचनाला द्यावा आणि त्या तासाला विभागप्रमुखांनी स्वतः बसावे. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांना लोकांच्या बोलीतील आजारांचे शब्द शिकवावेत; त्यासाठी निवृत्त मराठी शिक्षकांना आणि ज्येष्ठ परिचारिकांना बोलवावे. कुटुंब दत्तक योजनेत दिलेल्या भेटींवर तक्ता भरून न घेता एका घराची हकिकत लिहून घ्यावी. आणि या साऱ्याला गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की गाइड येईल.

समाजाचे म्हणून काही कर्तव्य आहे की नाही? अनेक गावांतून आमचे वाचक रुग्णसेवेच्या कामात आहेत. रक्तपेढ्या, फिरते दवाखाने, रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे चालविणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी आठवड्यातील दोन तास जवळच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात द्यावेत. परगावाहून आलेल्या माणसाजवळ बसावे, त्याचे म्हणणे ऐकून चार ओळींत लिहून द्यावे, कोणता कागद कोठे न्यायचा ते दाखवावे. चरकांनी ज्याची नेमणूक सांगितली तो कथाकुशल, मन ओळखणारा माणूस गरिबाच्या खाटेजवळ उभा करण्याचा हा मार्ग आहे. राजाला जे मिळत होते ते सामान्याला मिळवून देणे हे सेवेचे काम आहे.

आणि घरात? ज्या घरातले मूल डॉक्टर होण्याची स्वप्ने पाहते, त्या घराने त्याच्या हातून कादंबरी काढून घेऊ नये. त्याला आजोबांच्या उशाशी बसू द्यावे. आजी तीच तीच गोष्ट पुन्हा सांगते तेव्हा त्याने ती पुन्हा ऐकावी. श्रावणातल्या आपल्या कहाण्या ऐकण्याच्या आवाहनानेच सुरू होतात. सांगणारीइतकाच ऐकणारीलाही त्यात पुण्याचा वाटा असतो. उद्या त्याच्यासमोर स्टुलावर कोणाची तरी आजी बसेल आणि ज्वारीच्या काढणीपासून सुरुवात करील. तेव्हा त्याने पेन क्षणभर खाली ठेवून "मग काय झालं, आजी?" एवढे विचारले, तरी त्याचे निम्मे वैद्यक सफल झाले असे म्हणता येईल. उरलेल्या निम्म्यासाठी यंत्रे आहेतच.